सिक्लिड माशांचे रंग आणि त्यांचा संसार

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत मुंबईच्या उपनगरांत, बैठकीच्या खोलींत कांचेची टाकी आणि तींत चारदोन रंगीत मासे, हें दृश्य आतां नवलाचें राहिलेलें नाहीं. कुर्ल्याच्या बाजारांतून पाण्यानें फुगलेली प्लास्टिकची पिशवी दोन्ही हातांनीं संभाळीत लोकलगाडीच्या गर्दींतून घरीं येणारीं मुलें पुष्कळांनीं पाहिलीं असतील. दुकानांत असतांना मासा चांदीसारखा लखलखत असतो. घरीं येऊन चार दिवस होतात न होतात तोंच त्याच्या अंगावर काळे पट्टे गडद होतात, किंवा तो एकाएकीं फिका पडतो, किंवा त्याचें पोट काळवंडूं लागतें. घरांतील मंडळी घाबरतात. कोणी टाकींत मीठ टाकतो, कोणी निळें औषध ओततो, कोणी सगळें पाणी एका दमांत उपसून नवें भरतो. मासा त्यानंतर दगावला, तर रोगानें गेला असें समजून लोक दुसरा आणतात. वस्तुतः पुष्कळ वेळां त्याला रोग झालेलाच नसतो. उपचारानें मात्र त्याचा जीव जातो.

असा घोटाळा होण्याचें कारण एकच. या माशांचा रंग म्हणजे कापडावरचा छाप, अशी आपली समजूत असते. या विशिष्ट कुळांतील माशांचा रंग हें त्यांचें बोलणें आहे. भय, राग, विवाह, अपत्यांचें रक्षण, या सर्व गोष्टी ते रंगानें बोलतात. म्हणून त्यांचा रंग समजण्यासाठीं त्यांचा संसार समजून घ्यावा लागतो, आणि ज्याला त्यांचा संसार नीट चालवावयाचा आहे त्याला त्यांचा रंग वाचतां आला पाहिजे.

या कुळाला शास्त्रांत सिक्लिड असें नांव आहे. एंजल, डिस्कस, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न हे दुकानांतील मासे आणि बाजारांत कोळणीच्या पाटींत दिसणारी चिलापी, म्हणजेच तिलापिया, हीं सर्व एकाच कुळांतील भावंडें होत. आफ्रिका, दक्षिण व मध्य अमेरिका, मादागास्कर आणि आपला दक्षिण भारत अशा दूरदूरच्या प्रदेशांत या कुळाच्या सोळाशेंहून अधिक जाती शास्त्रज्ञांनीं नोंदल्या आहेत. ओळखण्याची एक सोपी खूण अशी: बहुतेक माशांच्या नाकाला प्रत्येक बाजूस दोन छिद्रें असतात, सिक्लिड माशाला प्रत्येक बाजूस एकच असतें. घरांत भिंग असेल तर मुलांना ही खूण सहज पाहतां येईल.

हे सगळे मासे परदेशचे, असा समज आहे. तो खरा नाहीं. या कुळांतील तीन जाती आपल्या देशच्या आहेत. त्यांतील मोठी म्हणजे गोमंतकांत व कोंकणांत जिला कालुंदर म्हणतात ती. केरळांत तिचें नांव करीमीन, आणि २०१० सालीं त्या राज्यानें तिला राज्यमाशाचा मान दिला. ब्लॉख नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें १७९० सालीं तिला जें शास्त्रीय नांव दिलें, त्यांत आपल्या सुरत शहराचें नांव गोंवलेलें आहे. दुसरी जात लहान, जेमतेम तीन इंच लांबीची, पिवळ्या-नारिंगी अंगाची व कुशीवर काळे ठिपके असलेली. हिचें वर्णन त्याच ब्लॉखनें १७९५ सालीं केलें. दुकानांत हिला ऑरेंज क्रोमाइड म्हणतात. तिसरी जात कर्नाटकांतील नद्यांत राहते. तिचें वर्णन भारतीय माशांचा प्रसिद्ध अभ्यासक फ्रान्सिस डे यानें १८७७ सालीं केलें. या तिघींचे सर्वांत जवळचे नातेवाईक मादागास्कर बेटांत आहेत. म्हणजे कांचेच्या टाकींतील हें कुळ आपल्याकडे पाहुणें म्हणून आलें तसें तें घरचेंहि आहे.

आतां रंगाकडे वळूं. माशाच्या कातडींत रंगाच्या पेशी असतात. त्यांचे प्रकार निरनिराळे: कांहीं काळ्या, कांहीं पिवळ्या, कांहीं तांबड्या. आणखी एका प्रकारच्या पेशींत रंग नसतो, तर अतिसूक्ष्म स्फटिक असतात. प्रकाश त्यांवरून परावृत्त होऊन चांदीसारखी किंवा निळसर झळाळी दिसते. काळ्या पेशींत काळ्या द्रव्याचे बारीक कण असतात. ते पेशीच्या मध्याशीं गोळा झाले कीं मासा फिका दिसतो. तेच कण पेशीच्या सर्व फांद्यांतून पसरले कीं मासा गडद होतो. रेल्वेच्या पुलावरून फलाटाकडे पाहावें: पाऊस थांबला असतां मिटलेल्या छत्र्या दिसतहि नाहींत, आणि सर येतांच सारा फलाट काळा होतो. छत्र्या तेवढ्याच असतात, कापडहि तेवढेंच असतें, फरक मिटण्याउघडण्याचा. माशाच्या अंगांतील या छत्र्या मज्जातंतूंच्या हुकुमानें कांहीं क्षणांत मिटतात, आणि रक्तांतून येणाऱ्या कांहीं स्रावांच्या योगें हळूहळू उघडून बराच काळ उघड्या राहूं शकतात. तांबड्या-पिवळ्या रंगाची गोष्ट थोडी वेगळी. त्यांतील बराचसा भाग माशाला स्वतः तयार करतां येत नाहीं. कोळंबी, पाण्यांतील बारीक किडे, शेवाळ यांच्या खाण्यांतूनच तो मिळतो. नुसत्या स्वस्त कोरड्या दाण्यांवर ठेवलेला तांबडा मासा सहा महिन्यांत फिकट होतो, त्याचें कारण हेंच.

सोयीसाठीं या रंगांचे तीन वर्ग करावे: क्षणाचा रंग, अवस्थेचा रंग आणि वंशाचा रंग. पहिला घटकेंत बदलतो, दुसरा वयाप्रमाणें किंवा विणीच्या वेळीं बदलतो, आणि तिसरा आई-बापांकडून येतो व जन्मभर राहतो. टाकीपुढें बसून प्रथम हा विचार करावा, कीं समोर दिसणारा बदल यांपैकीं कोणत्या वर्गांतील आहे.

क्षणाचा रंग पाहण्यास एंजल मासा उत्तम. रात्रीं खोलींत अंधार असतांना एकदम दिवा लावला, तर त्याचे उभे काळे पट्टे अगदीं पुसट दिसतात. थोड्या वेळानें ते पुन्हां ठसठशीत होतात. पिशवींतून नुकताच टाकींत सोडलेला मासा भीतीनें असाच फिका पडतो. दोन मासे जागेसाठीं एकमेकांसमोर उभे राहिले, कल्ले फुगवूं लागले, कीं जिंकणाऱ्याचा रंग चढतो आणि हरणारा आपला रंग उतरवून कोपरा धरतो. रंग उतरविणें ही त्याची शरणचिठ्ठी होय. तिच्यामुळें पुष्कळ भांडणें रक्तपातावांचून मिटतात. परंतु शरण आलेल्याला पळून जाण्यास जागा हवी. दीड फुटाच्या टाकींत ती कोठून मिळणार? तेथें शरणचिठ्ठीचा उपयोग होत नाहीं, आणि सकाळीं दुबळा मासा फाटक्या परांनिशीं मेलेला आढळतो.

अवस्थेच्या रंगाचें एक मौजेचें उदाहरण दुकानांतच सांपडतें. आफ्रिकेंतील मलावी सरोवराची केनयी नांवाची जात आहे. तिचीं पिलें निळीं असतात. मादी जन्मभर निळी राहते. नर मात्र वयांत येऊं लागला कीं पिवळा होतो. निळा मासा विकत घेतलेल्या गृहस्थाला वर्षभरानें टाकींत पिवळा मासा दिसला, तर दुकानदारानें फसविलें असें त्यानें समजूं नये. ऑस्करचें पिलूंहि काळें-पांढरें चितारलेलें असतें. मोठेपणीं त्याचा वेष निराळाच होतो.

परंतु अवस्थेच्या रंगाचा खरा महिमा विणीच्या काळांत दिसतो. चिलापीच्या नराचें उदाहरण घ्या. मूळची आफ्रिकेंतील ही जात १९५२ सालीं भारतांत आणली गेली आणि पुढें देशभर पसरली. उजनीच्या जलाशयांत तिचा सुळसुळाट झाला, आणि आपल्या पवईच्या तलावांतहि ती आहे. एरवीं हा मासा मळकट राखी. विणीच्या वेळीं नर जवळजवळ काळा होतो, त्याचा गळा पांढरा होतो आणि पाठीच्या व शेंपटीच्या परांना तांबडी किनार येते. तळाच्या मातींत तो तोंडानें खळगा उकरतो आणि त्या खळग्यावर उभा राहून दुसऱ्या नरांना हांकून देतो. मादी येते, खळग्यांत अंडीं घालते आणि लागलीच तीं आपल्या तोंडांत घेते. अंडीं तोंडांतच फुटतात आणि पिलेंहि तोंडांतच वाढतात. सुमारें दहा ते चौदा दिवस ती माउली जवळजवळ उपाशी असते. पिलें पोहूं लागल्यावरहि संकट दिसलें कीं तीं परत आईच्या तोंडांत शिरतात. बापाचा मात्र या संगोपनांत वांटा नाहीं. त्याचा काळा पोशाख हा केवळ लग्नाचा पोशाख होय.

आपल्या ऑरेंज क्रोमाइडची रीत याहून वेगळी, आणि मनुष्याच्या घराशीं अधिक जुळणारी. येथें नर व मादी दोघेंहि घर चालवितात. एखादा दगड किंवा कौलाचा तुकडा तीं तोंडानें घासूनपुसून स्वच्छ करतात, त्यावर मादी सुमारें दोनशें अंडीं चिकटविते, आणि मग दोघेंहि पाळीपाळीनें परांनीं अंड्यांवर पाण्याचा वारा घालीत राहतात. या काळांत दोघांचीहि खालची बाजू आणि पोटाखालचे पर काळे होतात. हाच तो काळेपणा, जो पाहून घरची मंडळी औषधाची बाटली शोधूं लागतात. पिलें पोहूं लागल्यावर आई-बापांच्या भोंवतीं त्यांचा थवा फिरतो. अमेरिकन शास्त्रज्ञ वॉर्ड आणि बार्लो यांनीं १९६७ सालीं या पिलांच्या एका संवयीचा बारकाईनें अभ्यास प्रसिद्ध केला. पिलें आई-बापांच्या अंगाला वारंवार तोंड लावतात आणि त्यांच्या कातडीवरील बुळबुळीत स्राव खातात. अमेझॉनच्या डिस्कस माशांतहि अशीच रीत आहे. मासा सस्तन प्राणी नव्हे, तरी अंगावर पिणाऱ्या पिलांचें हें दृश्य पाहून गाईवासरांची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

या लहान माशाचा शेजार मोठ्या कालुंदरशीं असतो. श्रीलंकेंतील पाण्यांत वॉर्ड आणि वायमन यांना असें आढळलें, कीं लहान क्रोमाइड मोठ्या कालुंदरच्या अंगावरील परोपजीवी किडे टिपून खातो, आणि संधि मिळाली तर तिचीं अंडीं व पिलेंहि खातो. चाकर आणि चोर अशा दोन्ही भूमिका एकाच शेजाऱ्याकडे असल्या म्हणजे घरधन्याला त्याचा चेहरा ओळखतां आलाच पाहिजे. माशांच्या जगांत हा चेहरा म्हणजे रंग आणि चाल.

आतां तिसरा, वंशाचा रंग. रानांतील एंजल चांदीसारखा, काळ्या पट्ट्यांचा. दुकानांत मात्र तो सोनेरी, संगमरवरी, मखमली काळा अशा नाना रूपांत मिळतो. हीं रूपें माणसानें निवडून निवडून वाढविलेलीं आहेत. त्यांतील काळ्या रंगाचा हिशेब मेंडेलच्या नियमाचें सुंदर उदाहरण आहे. वाटाण्यांवरचा तो नियम १८६६ सालीं छापला गेला. प्रत्येक पिलाला रंगाचे दोन अंश मिळतात, एक आईकडून व एक बापाकडून. दोन्ही अंश काळे आले तर मासा पुरा काळा. एकच काळा आला तर तो सावळा, जाळीदार परांचा. एकहि आला नाहीं तर चांदीचा. आतां दोन सावळ्या एंजलांचा जोडा लावला, तर शंभर पिलांत सरासरीनें पंचवीस काळीं, पन्नास सावळीं आणि पंचवीस चांदीचीं निघतात. पुऱ्या काळ्या पिलांना बाजारांत भाव अधिक, परंतु तींच वाढविण्यास नाजूक असतात.

बाजार रंगाला मोल देतो, म्हणून धंदा करणारे आई-बापांपासून अंडीं लगेच उचलतात, वेगळ्या भांड्यांत औषधाच्या पाण्यांत ठेवतात आणि हवेचा पंप लावून फोडतात. त्यांत अधिक पिलें जगतात हें खरें. पण अशा माशांना अपत्य संभाळण्याची संधि पिढ्यान्‌पिढ्या मिळत नाहीं, आणि आई-बापपणांत जो कसाला उतरेल त्यालाच वंश पुढें न्यावयाचा, ही निसर्गाची परीक्षा रद्द होते. रंगाच्या परीक्षेंत पहिला आलेला मासा संसाराच्या परीक्षेला बसतच नाहीं.

यापुढची पायरी म्हणजे संकर. तैवान व मलेशियाकडील व्यापाऱ्यांनीं वेगवेगळ्या जातींचा संकर करून पॅरट व फ्लॉवरहॉर्न हे मासे तयार केले. पॅरटचें तोंड धड मिटत नाहीं, त्यामुळें त्याला खाणें जड जातें. फ्लॉवरहॉर्नच्या कपाळाला मोठें टेंगूळ असतें आणि कुशीवर अक्षरांसारखे काळे डाग. घरांत तो ठेवला म्हणजे भाग्य उजळतें, वास्तुदोष जातो, अशी समजूत पसरली आणि उपनगरांतील कित्येक घरांत व दुकानांत तो शुभ वस्तु म्हणून आला. या दोन्ही संकरांतील पुष्कळ नर निर्वंश असतात. अंडीं पडतात, आई-बाप तीं राखतात, आणि तीं पांढरीं पडून कुजतात. ज्याला स्वतःचा वंश चालवितां येत नाहीं त्याच्या कपाळावर आपण दुसऱ्याचें भाग्य वाचीत बसावें, याचा विचार विकत घेणारानें करावा. याहून वाईट प्रकार म्हणजे फिक्या माशांना सुईनें टोचून किंवा रसायनांत बुडवून जांभळा, हिरवा असा कृत्रिम रंग देणें. तो रंग कांहीं महिन्यांत उडतो आणि टोचल्याची इजा मागें राहते. जो रंग माशाच्या पेशींत नाहीं तो विकत घेऊं नये. मागणी थांबली म्हणजे हा छळहि थांबेल.

रंग आणि वंश यांचा संबंध किती खोल आहे, तें आफ्रिकेंतील व्हिक्टोरिया सरोवरानें दाखविलें. तेथें कांहीं जाती इतक्या जवळच्या कीं नराचा रंग, म्हणजे एकीचा निळा व दुसरीचा तांबडा, एवढाच ठळक भेद. मादी आपल्या जातीचा नर रंगावरून ओळखते. झीहाउजेन व त्याचे सहकारी यांनीं १९९७ सालीं दाखवून दिलें, कीं सांडपाण्याच्या व शेतांतून वाहून आलेल्या द्रव्यांमुळें जेथें पाणी गढूळ झालें तेथें माद्यांना रंग नीट दिसेनासे झाले, जाती एकमेकींत मिसळल्या, आणि रंगांची व जातींची विविधता घटली. विष नाहीं, जाळें नाहीं; केवळ पाणी गढूळ झालें आणि जाती पुसल्या जाऊं लागल्या. घरच्या टाकींतहि याची लहान आवृत्ति होते. मलावीच्या अनेक जाती एकत्र ठेवल्या, मादीला आपल्या जातीचा नर मिळाला नाहीं, कीं ती दुसऱ्याशीं जुगते आणि नांव सांगतां न येणारी प्रजा निर्माण होते.

हें सगळें जाणून घरच्या माणसानें काय करावें? प्रथम पाणी. मुंबईचें नळाचें पाणी वैतरणा, तानसा, भातसा अशा पावसावर भरणाऱ्या तलावांचें असल्यामुळें मृदु असतें. एंजल आणि डिस्कस यांना तें मानवतें. मलावीच्या माशांना मात्र क्षारयुक्त कठीण पाणी लागतें. ज्या इमारतींत बोअरिंगचें किंवा टँकरचें पाणी मिसळतें, तेथें या हिशेबांत फरक पडेल, म्हणून आधीं चौकशी करावी. नळाच्या पाण्यांत क्लोरीन असतो. तें उघड्या बादलींत एक दिवस ठेवून मग वापरावें आणि एका वेळीं टाकींतील चवथाईहून अधिक बदलूं नये. उष्णतेची आपल्याकडे फारशी चिंता नाहीं, परंतु बोरिवली-मुलुंडकडे पौष-माघांतील रात्री कुलाब्यापेक्षां थंड असतात. तेवढ्या दिवसांपुरता पाणी गरम ठेवण्याचा हीटर लावावा.

नंतर जागा. एंजलच्या एका जोड्याला दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी असावी. या मापांत सुमारें ऐंशी लिटर पाणी मावतें, म्हणजे नुसतें पाणीच ऐंशी किलो भरतें. कपाटाच्या फळीवर ती ठेवूं नये. एंजलचे नर-मादी लहानपणीं ओळखूं येत नाहींत. म्हणून पांचसहा पिलें एकत्र वाढवावीं आणि त्यांना आपापला जोडीदार निवडूं द्यावा. जोडा जमला, रुंद पान किंवा उभें ठेवलेलें कौल घासूं लागला, म्हणजे बाकीचे मासे दुसरीकडे हलवावे. अंडीं दोनतीन दिवसांत फुटतात. पिलें आणखी चारपांच दिवसांनीं पोहूं लागतात. पहिल्या एकदोन खेपांना तरुण जोडा आपलींच अंडीं खाऊन टाकतो. त्यानें निराश होऊं नये, आणि टाकीवर टकटक तर मुळींच करूं नये. पांढरीं पडलेलीं निर्जीव अंडीं आई-बाप वेंचून टाकतात. ती त्यांची स्वच्छता आहे, क्रूरता नव्हे.

आणि औषधापूर्वीं निरीक्षण. मासा गडद झाला आहे, पण खातो आहे, एका जागेची राखण करतो आहे, दुसऱ्यांना हांकलतो आहे, तर त्याचा संसार सुरू होत आहे असें समजावें. मासा गडद झाला, पर अंगाशीं मिटून कोपऱ्यांत राहिला, खाईनासा झाला, किंवा पृष्ठभागाशीं येऊन भराभर श्वास घेऊं लागला, तर पाणी बिघडलें आहे असें समजून प्रथम थोडें पाणी बदलावें. फिका पडला तर भय कशाचें आहे तें शोधावें: नवा दिवा, मोठा शेजारी, दाराची आपटाआपट. एका वहींत तारीख, रंग आणि वागणूक अशा तीन रकान्यांत महिनाभर टिपणें केलीं, तर शाळेंतील मुलालाहि ही भाषा वाचतां येऊं लागेल.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ऑस्कर फुटाएवढा होतो, फ्लॉवरहॉर्न सगळ्यांना मारतो, पिलांची संख्या आवरत नाहीं; मग घर बदलतांना किंवा परीक्षेच्या दिवसांत मासे जवळच्या तलावांत सोडून द्यावेत असें दयाळू माणसाच्या मनांत येतें. उपनगरांत तलाव जवळच आहेत. विहार तलाव १८६० सालीं पुरा झाला, तुळशीचा १८७९ सालीं, आणि पवईचा १८९० च्या सुमारास. विहार व तुळशीचें पाणी आजहि शहर पितें. पावसाळ्यांत विहार आणि पवई भरून वाहतात, आणि तेंच पाणी मिठी नदी होऊन माहीमच्या खाडीकडे जातें. म्हणजे तलावांत सोडलेला मासा तलावांतच राहील याची शाश्वति नाहीं. जे गुण घरांत कौतुकाचे, म्हणजे जागेसाठीं लढणें, आई-बापांनीं पिलें राखणें, कसल्याहि पाण्यांत टिकणें, तेच गुण परक्या तलावांत देशी माशांना जड जातात. चिलापीनें हें दाखवून दिलें आहे: तोंडांत पिलें राखणारी आणि वर्षांतून अनेक वेळां विणारी ती जात एकदां स्थिरावली कीं परत निघत नाहीं. म्हणून नको असलेला मासा दुकानदाराला परत द्यावा, दुसऱ्या पाळणाराला द्यावा किंवा मोठी टाकी असलेल्या शाळेला द्यावा. पाण्यांत सोडूं नये.

अंधेरीजवळ वर्सोव्यास केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे. १९६१ सालीं स्थापन झालेल्या या संस्थेंत मत्स्यशास्त्राचें उच्च शिक्षण मिळतें. ज्या उपनगरांत हें शास्त्र शिकविलें जातें, तेथील घराघरांत माशांविषयीं अज्ञान असावें हें बरें नव्हे. पुढच्या खेपेस बाजारांत जाल तेव्हां दुकानदाराला तीन प्रश्न विचारावे: हा मासा मोठेपणीं केवढा होतो, त्याला कोणतें पाणी लागतें, आणि तो पिलें कशीं वाढवितो? या तीन प्रश्नांचीं उत्तरें मिळाल्यावरच रंगाकडे पाहावें. नाहीं मिळालीं, तर पिशवी रिकामीच घरीं न्यावी.